जुन्या मोटारीचे नेहमींचे बिघाड व त्यांवरील घरगुती उपाय

बैल, अवजारें व पाण्याचे पंप यांची निगा कशी राखावी, याविषयीं या मासिकांतून पुष्कळ लिहिलें गेलें आहे. परंतु गोठ्याशेजारच्या पडवींत उभी असलेली जुनी मोटार हेंही आतां घरचें एक औतच झालें आहे, आणि त्या औताची आठवण तें अडून बसल्यावांचून कोणास होत नाहीं. नवी मोटार घेणाऱ्यामागें कंपनीचें वर्कशॉप उभें असतें. जुनी घेणाऱ्यामागें बहुधा कोणीच नसतो; कारागीर तालुक्याच्या गांवीं व बिघाड मात्र आपल्या बांधावर, अशी स्थिति असते. म्हणून मालकानें स्वतः काय करावें व कशास हात लावूं नये, हें सांगण्याचें या लेखांत योजिलें आहे.

आम्ही महसूल खात्यांत कारकुनी करून निवृत्त झालों. यंत्रशास्त्राचें शिक्षण आम्हांस नाहीं. शिक्षण काय तें मराठी शाळेंतलें. परंतु गेलीं बारा वर्षें एक जुनी मारुती ८०० आम्हीं सांभाळली आहे, व तिनें जें शिकविलें तेंच येथें लिहीत आहों. त्यांतला पहिला धडा आम्हांस स्वस्तांत मिळाला नाहीं, तो आधीं सांगतों.

भातलावणीचे दिवस होते. रात्रीं साडेनऊच्या सुमारास शेजारच्या वस्तीवरील एका तरुण शेतकऱ्यास बांधावर साप चावला. रुग्णवाहिका येण्यास तासभर लागेल असें कळलें, म्हणून मंडळी त्यास उचलून आमच्या दारीं घेऊन आली. आम्हीं किल्ली फिरविली. सेल्फनें नुसतें ‘टक्’ केलें व दिवे विझले. पुन्हा फिरविली, पुन्हा तेंच. चारसहा जणांनीं गाडी ढकलून पाहिली. परंतु चिखलांत ती हलेना. कोणी म्हणे बॅटरी गेली, कोणी म्हणे सेल्फ जळला. अशीं पंचवीस मिनिटें गेलीं. शेवटीं एका शाळकरी मुलानें विजेरी धरून बॅटरीचें टर्मिनल हातानें हलविलें, तों तें सैल भोंवऱ्यासारखें फिरलें. खालीं पांढरी हिरवी बुरशी जमली होती. चाकूनें खरवडून पक्कडीनें आवळतांच गाडी लागली. रोगी वांचला; पायाची जखम भरून येण्यास मात्र दोन महिने लागले. दवाखान्यांत डॉक्टरांनीं विचारलें, “इतका वेळ कां लागला?” त्यास आम्हांस उत्तर देतां आलें नाहीं. दोष कंपनीचा नव्हता, कारागिराचा नव्हता. सहा महिन्यांत एकदांही बॉनेट न उघडणाऱ्या मालकाचा होता.

तेव्हांपासून आमचें मत असें झालें आहे कीं, जुनी मोटार बहुधा मोडून अडत नाहीं. ती मळून, सैल होऊन, सुकून किंवा गळून अडते. या चार गोष्टी ओळखण्यास यंत्रविद्या लागत नाहीं. डोळे, फडकें व महिन्यांतून एक सकाळ लागते.

कोणत्या मोटारीविषयीं

मारुती ८०० ही गाडी १९८३ सालच्या डिसेंबरांत गुडगांवच्या कारखान्यांतून प्रथम बाहेर पडली व जानेवारी २०१४ मध्यें तिचें उत्पादन थांबलें. म्हणजे तींतली सर्वांत धाकटी गाडीही आतां दहा वर्षांपलीकडची आहे. इंजिन तीन सिलिंडरांचें, ७९६ घनसेंटिमीटरांचें. आरंभीच्या गाड्यांत कार्बोरेटर आहे. पुढें इंजेक्शनची पद्धति आली. इंजेक्शनच्या गाडींत पेट्रोल व ठिणगी यांचा हिशेब विजेची पेटी ठेवते. तिच्या वाटेस घरीं जाऊं नये. परंतु बॅटरी, पाणी, पट्टा, नळ्या, फ्यूज व ब्रेक यांविषयींचें खालील लिखाण दोहोंसही लागू आहे. पद्मिनी व ॲम्बॅसिडर यांसही थोड्या फरकानें लागू पडेल.

हत्यारें

आठपासून एकोणीस क्रमांकापर्यंतचे पान्हे, प्लगपाना, दोन पेचकस, पक्कड, फिलर गेज, बारीक पॉलिश पेपर, विजेरी, दिवा दाखविणारा टेस्टर अथवा मल्टिमीटर, हवा मोजण्याचा गेज, व स्वच्छ सुती फडकीं एवढें पुरतें. गाडींत एक जादा पट्टा, चार फ्यूज, एक प्लग, पांच लिटर स्वच्छ पाणी, हवा भरलेली स्टेपनी व मूळचा जॅक असावा. स्टेपनींतील हवा आपण कधीं पाहिली होती, हें वाचकांनीं हा अंक खालीं ठेवण्यापूर्वीं आठवून पाहावें.

चार नियम

पहिला नियम, एका वेळीं एकच गोष्ट बदलावी व लगेच परिणाम पाहावा. चार गोष्टी एकदम हलविल्या म्हणजे गाडी सुरू झाली तरी कशानें झाली हें कळत नाहीं, व पुढच्या वेळीं पुन्हा अंधारच. दुसरा, जें सोडवावयाचें त्याची खूण आधीं करावी. प्लगच्या तारा काढण्यापूर्वीं त्यांस सुताच्या एक, दोन, तीन गांठी माराव्या. तिसरा, सोपें व स्वस्त तें आधीं तपासावें. फेरफाराची तक्रार आली म्हणजे जाणता कारकून आधीं नांव व गट क्रमांक ताडून पाहतो, लगेच मोजणी लावीत नाहीं. तसेंच येथें आहे.

चवथा नियम जिवाचा आहे. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखालीं कदापि जाऊं नये. चाक बदलतांना जमीन कठीण व सपाट पाहावी, मऊ जमिनींत जॅकखालीं जाड फळी घालावी, व समोरासमोरच्या चाकास पुढून मागून गुटके लावावे. बंद पडवींत इंजिन चालूं ठेवूं नये. त्याच्या धुरांतील विषारी वायूस वास नसतो.

सेल्फ फिरत नसल्यास

पुढचे दिवे लावून मग किल्ली फिरवावी व दिव्यांकडे पाहावें. दिवे एकदम मंदावले किंवा विझले, तर बॅटरी उतरली आहे अथवा तिचे जोड मळले आहेत. दिवे लख्ख राहून सेल्फ गप्प बसला, तर दोष सेल्फकडे किंवा त्याकडे जाणाऱ्या बारीक तारेंत आहे. ती तार निसटली असल्यास घट्ट बसवावी. तेवढ्यानें भागलें नाहीं तर सेल्फ कारागिराकडे न्यावा.

जोड साफ करण्याची रीत अशी. किल्ली काढून घ्यावी. आधीं काळी म्हणजे ऋण तार सोडावी, नंतर लाल. हा क्रम चुकवूं नये; लाल तार आधीं सोडतांना पान्हा गाडीच्या पत्र्यास टेकला तर मोठी ठिणगी उडते. कोमट पाण्यांत खाण्याचा सोडा कालवून त्यानें बुरशी धुवावी. मात्र तें पाणी बॅटरीच्या आंत जाऊं देऊं नये. पुसून, पॉलिश पेपरनें दोन्ही अंगें चकचकीत करावीं. लावतांना लाल आधीं, काळी शेवटीं. घट्ट आवळून वर व्हॅसलिनचा पातळ हात द्यावा. काळ्या तारेचें दुसरें टोंक गाडीच्या पत्र्यास व इंजिनास जेथें बसविलेलें असतें, तेथेंही गंज चढतो. पुष्कळ जण तें टोंक विसरतात व चांगली बॅटरी टाकून नवी आणतात.

पाणी भरावयाच्या बॅटरींत खुणेपर्यंत फक्त बॅटरीचें शुद्ध पाणी घालावें. विहिरीचें किंवा नळाचें घालूं नये. गाडी रात्रभर उभी राहिल्यावर भरलेली बॅटरी सुमारें १२.६ व्होल्ट दाखविते; १२.२ च्या खालीं असल्यास ती निम्म्याहून अधिक उतरली आहे असें समजावें. इंजिन चालूं असतां आंकडा साधारण १३.८ ते १४.४ असावा. तो वाढत नसेल तर पट्टा सैल आहे किंवा अल्टरनेटर काम करीत नाहीं, व नवी बॅटरी घेऊनही ती आठवड्यांत उतरेल. बॅटरींतून निघणारा वायु भडकणारा असतो. तिच्याजवळ बिडी अथवा आगकाडी आणूं नये.

अडल्या वेळीं कार्बोरेटरची गाडी ढकलून सुरू करतां येते. किल्ली चालूं, दुसरा गियर, क्लच दाबलेला. वेग आला म्हणजे क्लच एकदम सोडावा. इंजेक्शनच्या गाडीची बॅटरी पुरती मेली असल्यास हा उपाय चालत नाहीं, कारण तिच्या पेट्रोलच्या पंपासही वीजच लागते.

सेल्फ फिरतो, परंतु इंजिन लागत नाहीं

इंजिनास योग्य वेळीं ठिणगी व योग्य प्रमाणांत पेट्रोल मिळालें पाहिजे. कोणतें मिळत नाहीं, हें आधीं ठरवावें.

ठिणगी पाहण्यासाठीं एका प्लगची तार काढून तींत जवळचा जादा प्लग बसवावा, व त्याचें धातूचें अंग रबरी मुठीच्या पक्कडीनें इंजिनास टेकवून धरावें. दुसऱ्यानें किल्ली फिरवावी. निळी, कडक ठिणगी दिसली तर त्या बाजूस दोष नाहीं. पिवळी, अशक्त किंवा मुळींच नसेल तर पुढें शोधावें. ही परीक्षा पेट्रोल सांडलेलें असतां किंवा त्याचा वास येत असतां करूं नये, व इंजेक्शनच्या गाडीवर मुळींच करूं नये.

पावसाळ्यांत पहिला संशय डेल्कोवर घ्यावा. ठिणगीची वीज तिन्ही सिलिंडरांस वांटणारी काळी डबी ती हीच. तिच्या झांकणाच्या आंत दंव धरतें व वीज भलत्याच वाटेनें जाते. झांकण काढून आंतून बाहेरून कोरड्या फडक्यानें पुसावें. तडा गेला असल्यास बदलावें. ज्या गाडींत पॉइंट आहेत तेथें त्यांचीं तोंडें जळून काळीं पडतात. तीं बारीक पॉलिश पेपरनें हलकेंच घांसून, पूर्ण उघडले असतां त्यांमधील फट ०.४ ते ०.५ मिलिमीटर ठेवावी.

प्लग इंजिन थंड असतांच काढावे, कारण हेड ॲल्युमिनियमचें असतें व गरम असतां त्याचे आटे सहज बिघडतात. प्लगच्या तोंडाचा रंग म्हणजे इंजिनाची नाडीच होय. फिकट तपकिरी रंग चांगला. कोरडी काळी काजळी असल्यास पेट्रोल जास्त, हवा कमी. आधीं हवेचा फिल्टर पाहावा, कारण आपल्या रस्त्यांवरील धूळ तो लवकर भरून टाकते. ओलें, तेलकट काळें असल्यास इंजिनांत ऑइल चढतें आहे. तें काम कारागिराचें. पांढराफटक असल्यास पेट्रोल कमी पडतें आहे किंवा उष्णता फार होते आहे. फट ०.७ ते ०.८ मिलिमीटर ठेवावी. प्लग बसवितांना आधीं नुसत्या बोटांनीं पुरता फिरवावा, शेवटीं पान्ह्यानें बेतानेंच आवळावा. पान्ह्यानें आरंभ केल्यास आटे तिरपे जातात, व दोनशेंच्या कामाचें खर्चिक काम होतें.

ठिणगी चांगली असून गाडी लागत नसेल तर पेट्रोल पाहावें. इंजिन बंद ठेवून हवेच्या फिल्टरचें झांकण काढावें व कार्बोरेटरांत विजेरीनें पाहत ॲक्सिलरेटरची दांडी हातानें ओढावी. आंत पेट्रोलची बारीक धार उडालेली दिसली पाहिजे. दिसली नाहीं तर टांकी, फिल्टर व पंप या क्रमानें मागें जावें. वारंवार किल्ली फिरविल्यानें प्लग भिजून पेट्रोलचा वास येऊं लागला, तर दहा मिनिटें थांबावें. मग चोक आंत सारून व ॲक्सिलरेटर पुरता दाबून किल्ली फिरवावी. चोक बाहेर राहून गेल्यामुळें अडलेल्या गाड्या आम्हीं पुष्कळ पाहिल्या आहेत.

पेट्रोलच्या नळ्या व नवें पेट्रोल

हा विषय जुन्या गाडीवाल्यांनीं विशेष लक्ष देऊन वाचावा. शेंकडा २० इथेनॉल मिसळलेलें पेट्रोल फेब्रुवारी २०२३ पासून देशांत विक्रीस आलें, व २०२५ सालीं तें प्रमाण देशभर गांठलें गेलें. हें इथेनॉल उंसाचा रस, मळी व धान्य यांपासून होतें. तेव्हां ऊस पिकविणाऱ्या आपणांस त्याचें वाईट वाटण्याचें कारण नाहीं. परंतु आपल्या जुन्या गाडीचें रबर त्यासाठीं केलेलें नाहीं. इथेनॉलनें जुन्या नळ्या व पॅकिंग फुगतात, मऊ पडतात किंवा तडकतात. शिवाय तें पाणी ओढून घेतें. गाडी महिनोन् महिने उभी राहिली तर पाणी तळाशीं बसून टांकी व कार्बोरेटर आंतून गंजतात.

यास्तव टांकीपासून इंजिनापर्यंतची प्रत्येक रबरी नळी दर महिन्यास वांकवून पाहावी. चीर दिसली, बोटास काळें लागलें किंवा पेट्रोलचा वास आला, तर ती त्याच दिवशीं बदलावी व घेतांना अशा पेट्रोलास चालणारी नळी मागून घ्यावी. क्लिपाही नव्या घालाव्या. पेट्रोलची गळती हा ‘पुढच्या आठवड्यांत पाहूं’ असें म्हणण्याचा बिघाड नव्हे. गरम इंजिनावर तिचे थेंब पडल्यास गाडी पेटते. पेट्रोलचा फिल्टर स्वस्त असतो, तो वर्षांतून एकदां बदलावा. गाडी निदान आठवड्यांतून एकदां चालवावी.

इंजिन तापल्यास

कांटा वर चढतांच गाडी बाजूस घेऊन इंजिन बंद करावें व बॉनेट उघडून अर्धा तास स्वस्थ बसावें. रेडिएटरचें झांकण गरम असतां उघडूं नये. आंतील पाणी दाबाखालीं असतें. झांकण सुटतांच तें उसळून तोंडाहातावर येतें. निवल्यावरही जाड फडकें धरून झांकण थोडें फिरवावें, वाफ जाऊं द्यावी, मग काढावें. तापलेल्या इंजिनांत थंड पाणी एकदम ओतूं नये. हेडास तडा जाण्याचा संभव असतो.

कारणें या क्रमानें शोधावीं. पाणी कमी झालें काय? झालें असल्यास कोठून गळतें? होज पाइप दाबून पाहावे. चिरलेला किंवा लिबलिबीत झालेला बदलावा. पट्टा अंगठ्यानें मधोमध दाबला असतां सुमारें अर्धा इंच खालीं जावा. त्याहून सैल असल्यास ताणावा, कडा उसवल्या असल्यास बदलावा. या गाडीचा पंखा विजेवर चालतो. इंजिन पुरतें तापूनही तो फिरत नसेल तर आधीं त्याचा फ्यूज व तारेचा जोड पाहावा. शेवटीं रेडिएटरच्या जाळीकडे पाहावें. आपल्या गाड्या खळ्यावरून व मातीच्या वाटांवरून फिरतात. भूस, किडे व चिखल यांनीं जाळी बुजते. इंजिनाच्या बाजूनें बाहेर अशी पाण्याची हलकी धार सोडून ती धुवावी. जोराच्या धारेनें पाकळ्या वांकतात.

रेडिएटरांत विहिरीचें क्षाराचें पाणी घातल्यास चहाच्या भांड्यांत धरतो तसा थर आंत धरतो. कूलंट व बॅटरीचें पाणी समभाग मिसळून घालावें. पाणी बाहेर गळत नसतांना कमी होतें, ऑइलची पट्टी ओढली असतां ऑइल दुधाळ दिसतें, किंवा इंजिन गरम झाल्यावरही मागून पांढरा दाट धूर येतो, अशीं चिन्हें दिसल्यास हेडचें पॅकिंग गेलें असें समजावें व गाडी चालवून नव्हे, ओढून कारागिराकडे न्यावी.

क्लच, फ्यूज व उंदीर

या गाडीचा क्लच केबलवर चालतो. पायपट्टी दाबतांना आरंभीं पाऊण इंचाच्या आसपास ती सैल जावी. मुळींच सैल जात नसेल तर क्लच घसरून जळतो. फारच सैल जात असेल तर गियर कर्कश आवाज करीत पडतो. केबलच्या टोंकाशीं असलेल्या नटानें हें अंतर घरीं जुळवितां येतें. केबलचे तंतु तुटूं लागले असल्यास ती वेळींच बदलावी.

फ्यूज जळाल्यास त्याच आंकड्याचा दुसरा घालावा. तोही लगेच जळाला तर तार कोठें तरी पत्र्यास टेकत आहे, ती शोधावी. आम्हीं एकदां घाईनें फ्यूजच्या जागीं तांब्याची तार घातली. दिवे लागले खरे, परंतु दोन मैलांवर जळक्या रबराचा वास येऊं लागला, व फ्यूजऐवजीं आंतली तारांची जुडी जळाली. फ्यूज हा पाटाच्या तोंडाशीं बसविलेल्या फळीसारखा आहे. फळी काढून टाकली म्हणजे पाणी शेतांत शिरणारच. तारा जळण्याचें व तुटण्याचें दुसरें कारण उंदीर. ऊस तोडणीनंतर ते आश्रयास येतात व बॉनेटखालीं घर करतात. गाडीशेजारीं धान्याचीं पोतीं ठेवूं नयेत, व चार दिवस उभी राहिलेली गाडी बॉनेट उघडून पाहिल्याशिवाय सुरू करूं नये.

ब्रेक: येथें हात आवरावा

आतांपर्यंत जें सांगितलें त्यांत चूक झाली तर गाडी सुरू होणार नाहीं. ब्रेकांत चूक झाली तर गाडी थांबणार नाहीं. या दोहोंतला फरक ध्यानांत ठेवावा.

मालकानें ब्रेक तपासावे, उघडूं नयेत. तेलाची डबी महिन्यास पाहावी. चारही चाकांच्या आंतल्या बाजूस ओल आहे काय, हें विजेरीनें पाहावें. इंजिन चालूं ठेवून पायपट्टी अर्धा मिनिट घट्ट दाबून धरावी. ती हळूहळू खालीं जात असेल, दाबतांना स्पंजासारखी लागत असेल, किंवा ब्रेक मारतां गाडी एका बाजूस ओढत असेल, तर गाडी जागच्या जागीं उभी करून कारागिरास बोलवावें. ब्रेकचें तेल हवेंतील ओलावा शोषून घेतें, म्हणून उघड्या डब्यांतील जुनें घालूं नये व दोन वर्षांनीं सर्व बदलून घ्यावें. त्या जागीं इंजिनचें ऑइल तर चुकूनही घालूं नये; त्यानें आंतलीं रबरें फुगून सगळे ब्रेक निकामी होतात.

येथेंही आम्हीं एक चूक केली आहे. डबींतलें तेल दर पंधरवड्यास बोटभर कमी होई व आम्ही तें भरून समाधान मानीत असूं. हिशेबांतली तूट कोठें आहे तें न शोधतां पदरची रक्कम घालून मेळ बसविणाऱ्या कारकुनास आम्हीं जन्मभर नांवें ठेवलीं, आणि गाडीपुढें आम्ही स्वतः तेंच करीत होतों. दोन महिन्यांनीं शेताच्या वाटेवर एके दिवशीं पायपट्टी तळास गेली. वाट सपाट होती व पुढें मोकळें रान होतें, म्हणून हातब्रेक ओढून निभावलें. तीच गोष्ट घाटांत किंवा बाजारांत घडली असती तर हा लेख लिहिण्यास आम्ही कदाचित् उरलों नसतों. आणि दुसऱ्याचें मूल चाकाखालीं आलें असतें तर उरूनही लिहिण्याचें तोंड राहिलें नसतें. तेल कमी होणें हेंच गळतीचें पत्र आहे. तें वाचून बाजूस ठेवूं नये.

स्टिअरिंग, ब्रेक, हेड व गियरपेटी हीं चार कामें कारागिराचीं. त्यांत पैसे वांचविणें ही काटकसर नव्हे.

नोंदवही

शेवटचें व आमच्या मतें सर्वांत मोठें हत्यार म्हणजे एक साधी वही. जमिनीस जसा सातबारा, तशी गाडीस ही वही असावी. तारीख, किलोमीटर, काय केलें, काय बदललें व पुढें केव्हां पाहावयाचें, असे पांच रकाने आंखावे. इंजिनचें ऑइल केव्हां बदललें, हें स्मरणावर ठेवणाऱ्याचें ऑइल नेहमींच उशीरा बदललें जातें. काढलेलें ऑइल शेतांत, ओढ्यांत किंवा विहिरीजवळ ओतूं नये. डब्यांत भरून वर्कशॉपला द्यावें. थोडें ऑइलही पुष्कळ पाणी नासवितें.

याच वहींत कागदांची नोंद असावी. खाजगी मोटारीची पहिली नोंदणी पंधरा वर्षें चालते. त्यानंतर गाडी परिवहन कचेरींत दाखवून ती पांच पांच वर्षांसाठीं नवी करून घ्यावी लागते. विमा व धुराचा दाखला यांच्या मुदतीही लिहाव्या. ही मुदत संपलेली असतां अपघात झाला तर पुढें जो त्रास होतो, तो कचेरींत बसून आम्हीं पुष्कळांचा पाहिला आहे.

दर महिन्याच्या पहिल्या रविवारीं सकाळीं अर्धा तास काढावा. बॅटरीचे जोड, बॅटरीचें पाणी, इंजिनचें ऑइल, रेडिएटरचें पाणी, पट्टा, पेट्रोलच्या नळ्या, ब्रेकचें तेल, चार चाकांची व स्टेपनीची हवा, सर्व दिवे, अशा नऊ गोष्टी पाहून वहींत सही करावी. घरांतील मुलगा किंवा मुलगी जवळ उभी करून तिच्याकडूनही एकेक गोष्ट करवून घ्यावी. आमच्या गाडीचें सैल टर्मिनल मुलालाच दिसलें, हें आम्ही विसरलों नाहीं.

त्या रात्रीनंतर आमच्या वहीच्या पहिल्या पानावर आम्हीं एवढेंच लिहून ठेवलें आहे: “टर्मिनल सैल. आवळलें. वेळ गेला पंचवीस मिनिटें.” आवळण्यास लागलें अर्धें मिनिट, बाकीचीं साडेचोवीस मिनिटें आमच्या आळसाचीं होतीं. वाचकांच्या वहींत अशी नोंद करण्याचा प्रसंग न येवो, एवढ्याच हेतूनें हें लिहिलें आहे.